सोलांजनं मिळवलेला तास

लूदेआकच्या शाळेच्या खानावळीत सोलांज त्रेगेरनं एकतीस वर्षं काढली. तिथं नियम असा, की रोजच्या प्रत्येक पदार्थाचा एक नमुना छोट्या डबीत भरायचा, वर तारीख लिहायची आणि डबी पाच दिवस फ्रिजमध्ये जपून ठेवायची. मुलांना विषबाधा झालीच, तर सरकारी माणसाला तपासायला काहीतरी हातात हवं. एकतीस वर्षांत एकाही मुलाचं पोट बिघडलं नाही. त्यावरून बाकीच्या बायकांनी असा निष्कर्ष काढला, की डब्या भरणं हा रिकामटेकडा उद्योग आहे. सोलांजचा निष्कर्ष वेगळा होता. इतकी वर्षं काही झालं नाही, म्हणजे आता फार दिवस उरले नसणार.

अशा बाईनं एकोणसत्तराव्या वर्षी एकटीनं कॅम्पर व्हॅन घेऊन किनाऱ्यानं फिरावं, हे तिच्या मुलीला पटत नव्हतं. खरं सांगायचं तर सोलांजलाही पटत नव्हतं. पण व्हॅन तिच्या नवऱ्याची, गिल्दासची होती, आणि गिल्दास गेला होता. तो होता तेव्हा दर वसंतात दोघं निघायची. तो चालवायचा, ती शेजारी बसून मांडीवरचा नकाशा घट्ट धरायची, वळण आलं की डोळे मिटायची आणि उजव्या पायानं तिथं नसलेला ब्रेक दाबायची. बावीस वसंत असे गेले. तो गेल्यावर शेजारपाजारच्या बायका म्हणाल्या, "नशीबवान गं तू, अख्खा किनारा बघितलास." सोलांजनं आठवून पाहिलं, तर तिला आठवली ती पायाखालची रबरी चटई. निळी, कोपऱ्यात फाटलेली.

म्हणून ती निघाली. हा एकटीचा तिसरा वसंत.

पहिल्या वर्षी तिनं अग्निशामक दलाला एकदा बोलावलं. पहाटे व्हॅनच्या जवळ कुठलं तरी जनावर कण्हत होतं. तो जहाजांना धुक्यात इशारा देणारा भोंगा निघाला. दुसऱ्या वर्षी पुन्हा बोलावलं. गॅसचा वास येत होता. तो सिंकखाली विसरलेल्या शिंपल्यांचा निघाला. त्या जवानांनी शिंपल्यांची पिशवी चिमट्यात धरून बाहेर नेली आणि फार सभ्यपणे हसू दाबलं. मुलीला, गाएलला, मात्र हसू आलं नाही. ती नांतला विमा कंपनीत होती, आणि माणसाचा तिसरा अपघात केव्हा होतो याचे तक्ते तिच्या टेबलावर असत.

"आई, आता शेवटचं सांगते," गाएल म्हणाली होती. "पुन्हा तुला कुणी सोडवायला यावं लागलं, तर मी व्हॅन विकते. कागद माझ्या नावावर आहेत."

"विम्यासाठी केले होते ते."

"कशासाठी का असेनात. आहेत."

त्या दिवसापासून सोलांजच्या भीतीच्या यादीत एक नवी भीती सगळ्यात वर जाऊन बसली. दरड, वादळ, चोर, फुटका टायर ही मंडळी खाली सरकली. आता तिला मदतीची भीती वाटू लागली.

एप्रिलमधल्या त्या मंगळवारी ती प्लूवेनाकला पोचली. समोर एनेझवेन नावाचं चिमुकलं बेट होतं, चौदा घरांचं. बेटाला जाणारी दीड किलोमीटरची दगडी वाट भरतीत पाण्याखाली जाते आणि ओहोटीत वर येते. ऐन ओहोटीच्या आधी दीड तास आणि नंतर दीड तास, एवढा वेळ गाड्या जाऊ शकतात. गिल्दास तिथं चारदा जाऊन आला होता; सोलांज चारही वेळा किनाऱ्यावर थांबून विणकाम करत बसली होती.

वाटेच्या तोंडाशी नगरपालिकेची पाटी असते, तिच्यावर त्या दिवसाच्या वेळा लावतात. त्या दिवशी पाटीवर कालवांच्या जत्रेचा भलामोठा कागद चिकटवलेला होता. सोलांजला त्याचं काही वाटलं नाही. गिल्दास पाटीकडे बघायचाच नाही. "पाटी नगरपालिकेची, पाणी समुद्राचं. त्यांची आपसात ओळख नाही," असं तो म्हणायचा. तो भरतीओहोटीची छोटी पुस्तिका काढायचा, त्या दिवसाच्या ओळीवर बोट ठेवायचा आणि मोठ्यानं म्हणायचा, "अधिक एक." पुस्तिकेत सगळ्या वेळा हिवाळी घड्याळाच्या. मार्चअखेर देशभर घड्याळं तासभर पुढं सरकतात, समुद्र मात्र सरकत नाही. तेव्हा उन्हाळ्यात एक तास आपणच मिळवायचा. या किनाऱ्यावर हे पोरांनाही ठाऊक असतं. सोलांजला तर गिल्दासचा आवाज ऐकू यायचा.

गिल्दासची पुस्तिका बंदरावरच्या दुकानातून यायची. यंदाची तिला औषधवाल्याकडे गोळ्यांसोबत फुकट मिळाली होती. आकड्यांच्या ओळी तशाच, कागद जरा गुळगुळीत. मंगळवारसमोर छापलं होतं: ओहोटी, एक दहा. उधाणाचे दिवस. सोलांजनं बोट ठेवलं आणि म्हटलं, "अधिक एक." दोन दहा. म्हणजे बारा चाळीसला वाट उघडणार, तीन चाळीसला बंद होणार.

बारा चाळीसला ती निघाली नाही. खबरदारी म्हणून आणखी अर्धा तास थांबली. एक दहाला समुद्र इतका लांब गेला होता, की जणू त्याचा या गावाशी काही संबंधच नव्हता. ती पहिल्या गिअरमध्ये गेली. दोन्ही बाजूंना ओलं, काळं, चकाकणारं शेवाळ, मधे दगड, आणि कठडा कुठंच नाही. डोळे मिटायची सोय नव्हती, कारण आता चालवणारी तीच होती. बेटावर पोचली तेव्हा तिच्या ब्लाउजची पाठ भिजून अंगाला चिकटली होती, आणि तिला किंचित, अगदी किंचित, आनंद झाला. तो ओळखायला तिला जरा वेळ लागला.

बेट पाहून झालं. चर्च पाहिलं, ते कुलूपबंद होतं. एका अंगणात म्हातारा जाळं दुरुस्त करत होता. तो मान वर करून म्हणाला, "आज वारा नाही," आणि पुन्हा जाळ्यात गेला. तिनं व्हॅनमध्ये बसून कालचं गार गालेत, म्हणजे इकडचं धिरडं, खाल्लं. तीन चाळीसला बंद होणाऱ्या वाटेवरून आपण दोन चाळीसलाच निघायचं, तासभर पदरात ठेवून, हे तिचं आधीच ठरलं होतं.

पण निघण्यापूर्वी तपासणी असते. गॅसचा खटका. फ्रिजची कडी. छताची खिडकी. सिंकखालचं कपाट, गेल्या वर्षीपासून. हे सगळं ती तीनदा करायची. पहिल्यांदा बघायला, दुसऱ्यांदा खात्रीला आणि तिसऱ्यांदा, दुसऱ्यांदा बघताना लक्ष होतं का, याच्या खात्रीला. निघायला तीनला पाच मिनिटं कमी झाली. तरी पंचेचाळीस मिनिटं हाताशी होती.

वाट मधोमध थोडी खोलगट आहे. तिथं सोलांजला पाणी दिसलं.

आधी तिला ते डबकं वाटलं. मग ते डबकं डावीकडून उजवीकडे जाऊ लागलं. तिनं ब्रेक दाबला. विचारायला थांबवावी अशी गाडीच मागं-पुढं नव्हती. हे आधी लक्षात यायला हवं होतं. उघड्या वाटेवर ती एकटीच कशी?

तिनं घड्याळ पाहिलं. तीन वाजून दोन मिनिटं. पुस्तिका उघडली, बोट ठेवलं, एक मिळवला. बेरीज बरोबर होती. म्हणजे समुद्र चुकत होता.

पर्यटकांना सांगतात, की इथं भरती घोड्याच्या वेगानं येते. तसं काही नसतं. ती चालतच येते; फक्त थांबत नाही. सोलांजच्या डाव्या हाताला मघाशी वाळू होती तिथं आता एक बारीक घडी पडल्यासारखी रेघ सरकत होती, आणि रेघेच्या मागं सगळं सपाट, राखाडी झालं होतं. शेवाळ, जे आतापर्यंत मेल्यासारखं दगडांवर पडलं होतं, ते हळूहळू उभं राहिलं आणि डोलू लागलं. तिनं आरशात पाहिलं. मागं, जिथून ती आत्ता कोरडी आली होती, तिथंही वाट चमकत होती.

इंजिन चालू होतं. ते बंद केलं तर पुन्हा सुरू होणार नाही याची भीती, आणि चालू ठेवलं तर पाण्याचा आवाज ऐकू येणार नाही याची. तिनं खिडकी खाली केली. आवाज आला. कुणीतरी खूप मोठ्या भांड्यात सावकाश पाणी ओततंय, असा.

फोन आसनावर होता. त्यावर नेटवर्क होतं. दोन आकडे दाबायचे, बस्स. बचाव दलाची नारिंगी बोट दहा मिनिटांत आली असती. सभ्य जवान आले असते, त्यांनी तिला उचललं असतं, नाव विचारलं असतं, गाएलचा नंबर तर त्यांच्याकडे दोन वर्षं होताच. सोलांजनं फोन उचलला आणि पुन्हा ठेवला. पुन्हा उचलला. सात मिनिटं तिनं यात घालवली. एका बाजूला बुडणं होतं, दुसऱ्या बाजूला गाएल. आणि बुडण्याचा तिला पूर्वानुभव नव्हता.

पाणी पुढच्या चाकाला लागलं, तेव्हा मागून हॉर्न वाजला.

ट्रॅक्टर होता. कालवं वाढवायच्या मांडण्यांकडून आडव्या रस्त्यानं येऊन तो तिच्या मागं उभा राहिला होता. त्यावरून छातीपर्यंतची रबरी विजार घातलेली पन्नाशीची बाई उतरली आणि घोटाभर पाण्यातून सावकाश, बाजारात भाजी बघत निघाल्यासारखी, खिडकीपाशी आली. ही नोलवेन. बेटावरच राहायची, कालवं पिकवायची.

"अहो बाई, भरती बघायला पुढच्या रांगेतली जागा पकडलीत का?"

"वाट तीन चाळीसपर्यंत उघडी आहे," सोलांज म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते, पण आवाज खानावळीतला होता.

"हो? समुद्राला सांगितलंत?"

"पुस्तकात आहे. ओहोटी दोन दहाची."

"एक दहाची."

"छापलंय एक दहा. पण तास मिळवायचा असतो."

नोलवेननं हात आत घालून पुस्तिका घेतली, उलटी करून मागचं पान पाहिलं, आणि तिचा चेहरा मऊ झाला. "औषधवाल्याची आहे ही. यात तास आधीच मिळवलेला असतो हो. तुम्ही मिळवलेल्यात मिळवलात."

समुद्र बरोबर होता हे कळून सोलांजला आणखी भीती वाटली.

"बोटवाल्यांना बोलावू?"

"नको!" ही किंकाळी ऐकून नोलवेन एक पाऊल मागं सरली. "मुलगी गाडी विकेल," सोलांज म्हणाली.

नोलवेननं पाण्याकडे पाहिलं, मग व्हॅनकडे, मग सोलांजकडे. कालवांच्या धंद्यात फार विचार करायला वेळ नसतो. "पुढं जायचं नाही, पुढं कमरेइतकं असेल. वळायला जागा नाही. मागं घ्या. तीनशे पावलं. मागं वाट पुन्हा चढते. मी ट्रॅक्टर खाली खडीत उतरवते आणि तुमच्या मागं चालते. माझ्या हाताकडे बघायचं. पाण्याकडे नाही."

"मी कधी मागं घेतलेली नाही."

"म्हणजे?"

"नवरा घ्यायचा. मी मागं उभी राहून हात दाखवायची."

"मग हातांची भाषा येते की! एवढंच, आज तुम्ही आत."

सोलांजनं रिव्हर्स टाकला. गिअर खरवडला. आरशात नोलवेन छोटीशी दिसत होती, दोन्ही हात वर. त्या हातांचा अर्थ सोलांजला ठाऊक होता. तिनं स्वतः तो बावीस वर्षं गिल्दासला दाखवला होता, कधी वैतागून, कधी पावसात. पण ते सगळं बाहेरून होतं. आत बसल्यावर हात डावीकडे म्हणतो तेव्हा डावं कुणाचं? पहिल्या वीस पावलांत मागचं चाक कडेवरून घसरलं, व्हॅन एका बाजूला कलली आणि कपाटातल्या सगळ्या बश्या एकदम बोलल्या. नोलवेन ओरडली. सोलांजनं ब्रेक दाबला.

"पुढं घ्या थोडं! थोडं! हां. आता परत. सावकाश. बाई, मी कुठं पळून जात नाहीये!"

पाणी आता नोलवेनच्या गुडघ्याला लागलं होतं. खाली धुराड्याच्या नळीतून बुडबुडे फुटत होते. शेवाळ दोन्ही बाजूंनी वाटेवर यायला लागलं होतं, आणि दगडाची कड कुठं संपते ते दिसेनासं झालं. सोलांजनं पाण्याकडे पाहिलं नाही. ती त्या दोन लाल, सुजलेल्या, मिठानं खाल्लेल्या हातांकडे बघत राहिली. डावा वर: डावीकडे. दोन्ही खाली: सावकाश. मूठ: थांब. तिला जाणवलं, की गिल्दास दर वेळी आत बसून इतका भ्यालेला असला पाहिजे, आणि तरी खाली उतरून तो रोज म्हणायचा, "काही नाही गं, लोणी कापल्यासारखं."

तीनशे पावलांना अकरा मिनिटं लागली. मग चाकांखाली कोरडा दगड आला. नोलवेन पळत ट्रॅक्टरकडे गेली, कारण तो आता अर्धा पाण्यात होता, आणि शिव्या घालत त्याला वर काढू लागली. त्या शिव्या ब्रेटन, म्हणजे इथल्या जुन्या भाषेतल्या, होत्या. सोलांजची आजी कोंबड्यांना त्याच घालायची.

संध्याकाळी नोलवेनच्या स्वयंपाकघरात सोलांजला कॉफीच्या वाडग्यात सफरचंदाची दारू मिळाली. वाट पाण्याखाली गेली होती. खिडकीतून बघायला गेलं तर तिथं कधी वाट होती असं कुणी म्हटलं नसतं.

"झालं ते झालं," नोलवेन म्हणाली. "बोट आली नाही, जवान आले नाहीत, म्हणजे काही घडलं नाही. उद्या दुपारी जा निवांत."

"तुम्ही कुणाला सांगणार नाही?"

"सांगेन की! हिवाळाभर पुरेल हे गावाला. पण तुमचं नाव कुठं माहीत आहे मला?"

"सोलांज त्रेगेर."

"सांगू नका म्हणते ना मी!"

शहाण्या माणसानं इथं गप्प बसावं. पण सोलांजनं एकतीस वर्षं पुराव्याच्या डब्या भरल्या होत्या. लपवलेली गोष्ट पाच दिवसांनी उघडकीला येते, यावर तिचा ठाम विश्वास होता; आणि ते पाच दिवस काढायचं धैर्य तिच्यात नव्हतं. सहाला तिनं स्वतःच गाएलला फोन लावला आणि सगळं सांगितलं, बेरजेसकट.

"तू कुठं आहेस आत्ता?"

"बेटावर."

"गाडी?"

"तीही."

"कुणाला बोलावलं नाहीस."

"नाही."

"का नाही बोलावलंस? आई, पाणी येत होतं आणि तू बसून राहिलीस? का?"

उत्तर गाएलला बहुधा न ऐकताच कळलं, कारण तिचा आवाज एकदम खाली आला. "उद्या येते मी. किल्ली तयार ठेव. आणि हलू नकोस."

दुसऱ्या दिवशी वाट सवाबाराला उघडली. गाएल नोलवेनच्या ट्रॅक्टरवर उभी राहून आली, ऑफिसच्या बुटांत, केसांचं घरटं झालेलं. तिच्या हातात कागदाचा मोठा चुरगळलेला बोळा होता.

"पाटीवर हा जत्रेचा कागद चिकटवला होता," ती आल्या आल्या म्हणाली. "फाडून काढला. नगरपालिकेत जाऊन सांगूनही आले. तिथली बाई म्हणते, जत्रेला लोक यावेत म्हणून लावला. म्हटलं, येतील, पण पोहत." मग तिनं हात पुढं केला. "किल्ली."

सोलांजनं किल्ली दिली. तिला वाटलं होतं रडू येईल, आलं नाही. ती वळसा घालून शेजारच्या आसनावर जाऊन बसली.

गाएल चांगली चालवायची. सावकाश, नियमानं. वाट कोरडी होती, समुद्र लांब, ऊन पडलेलं. मिठामुळे ब्रेक जरा कुरकुरत होते, एवढंच. पण खोलगट जागी पोचेपर्यंत सोलांजनं दाराची मूठ दोन्ही हातांनी धरली होती, तिचा उजवा पाय चटईत रुतला होता आणि ती धापा टाकत होती.

गाएलनं गाडी थांबवली. "काय होतंय? छातीत दुखतंय?"

"नाही. इथं बसलं की भीती वाटते."

"वाटेची?"

"कसलीही. इथं बसलं की."

"आणि इकडे बसल्यावर वाटत नाही?"

सोलांजनं प्रामाणिकपणे विचार केला. "वाटते. पण तिकडे हाताला काम असतं."

गाएल समोर बघत राहिली. डावीकडे, लांबवर, नोलवेन मांडण्यांवरच्या कालवांच्या पिशव्या उलटत होती. कालच्या भरतीत कडेवरून घसरलेल्या चाकाची खूण दगडावर अजून दिसत होती. गाएलनं ती पाहिली, आणि तिथून खाली खडीपर्यंत किती अंतर आहे तेही पाहिलं. तिचा चेहरा उतरला. विमा कंपनीतल्या तक्त्यांत असली खूण बघायला मिळत नसावी.

"पुन्हा असं झालं तर," ती म्हणाली, "पहिल्या मिनिटाला बोट बोलवायची. पहिल्या. मग मला कळव, नको कळवू. मी विकणार नाही. पण बसून राहायचं नाही. शपथ घे."

"शपथ."

"बुडालीस तर मात्र विकीन."

तिनं इंजिन चालू ठेवलं, दार उघडलं, उतरली, पुढून वळसा घालून आईच्या बाजूला आली आणि दारावर टकटक केलं.

"सरक तिकडे. लवकर, दोन तास आहेत म्हणून इथं गप्पा मारायच्या नाहीत."

सोलांज सरकली. तिनं दोन्ही हात चाकावर ठेवले. तिनं आधी डावीकडे समुद्र बघितला, मग उजवीकडे समुद्र बघितला, आणि पहिला गिअर टाकला.